पांढरे पाणी आणि हिरवे पाकीट

1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा लेख आला, तेव्हा चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याला सात वर्षेही झाली नव्हती. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची ती पाहणी. 55 टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली. तपासल्यावर 92 टक्के स्त्रियांत एक ना एक आजार सापडला आणि त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा निघाला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त 8 टक्के होत्या. ही पाहणी गरोदरपणाची नव्हती. तिचे आकडे प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण 55 आणि 92 यांमधले अंतर आपल्यालाही लागू आहे. न सांगितलेले, न पाहिलेले दुखणे घेऊनच अनेक बायकांना दिवस जातात. मग कुणी 'पांढरं जातं' म्हणाली की आपण 'या दिवसांत असं होतंच' म्हणून तिला परत पाठवतो, नाहीतर गोळ्या हातावर ठेवतो. आमच्या मते न पाहता दिलेला धीर आणि न पाहता दिलेले औषध, दोन्ही सारखेच चुकीचे आहेत.

'होतंच' हे खोटे नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस पोसतात आणि पीएच 4.5 च्या खाली राहतो. ग्रीवेच्या ग्रंथीही जास्त स्रवतात. पातळ, दुधी, खाज-आग नसलेला, फारसा वास नसलेला स्राव दिवस भरत येतील तसा वाढतो, आणि तो निरोगीपणाचाच भाग आहे. अडचण आहे ती शब्दाची. 'अंगावरून जातं' या एका बोलण्यात हा स्राव येतो, दह्याच्या चोथ्यासारखी बुरशी येते, ट्रायकोमोनासचा हिरवट फेसाळ स्राव येतो, कधी रक्तही येते. आणि 'पाणी जातं' म्हणणारी बाई लघवीबद्दल बोलते आहे की गर्भजलाबद्दल, हे ऐकून कळत नाही. शिवाय 'धुपणी', म्हणजे हे पांढरे जाणे, ही अंगातली उष्णता, तिच्यामुळे अंग झिजते, कमजोरी येते, अशी समजूत आपल्या भागात खोल आहे. त्या बाईच्या लेखी ताकद वाहून चालली आहे. 'होतंच' एवढ्या उत्तराने ती भीती जात नाही. ती गप्प बसते, आणि पुढच्या खेपेला खरेच पाणी जाऊ लागले तरी सांगत नाही.

गोळ्यांकडे वळू. लैंगिक आजारांच्या लक्षणाधारित उपचारात योनिस्रावासाठी हिरवे पाकीट आहे: सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम. दूरच्या उपकेंद्रांत रंगीत पाकिटांच्या या पद्धतीने मोठे काम केले आहे. पण गरोदर बाईसाठी हे पाकीट नाही. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना गरोदरपणात पोटातून फ्लुकोनाझोल देऊ नका, बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोल योनीतच वापरा, आणि आधी स्पेक्युलमने पाहून गर्भपात किंवा पाणमोट फुटणे नाही याची खात्री करा, असे सांगतात. 2016 मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटातून घेतलेल्या फ्लुकोनाझोलचा गर्भपाताच्या वाढत्या प्रमाणाशी संबंध दिसला. असा संबंध म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे. पण सुरक्षित पर्याय कपाटात असताना हा धोका का पत्करायचा?

यावर सहकारी दोन आक्षेप घेतील. पहिला अभ्यासू आहे: योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडवणारा व्हजायनोसिस शोधून उपचार केल्याने अकाली प्रसूती टळत नाही, हे फ्रान्समधल्या 2018 च्या क्लिंडामायसिन चाचणीने दाखवले, मग एवढा खटाटोप कशाला? ती चाचणी कमी जोखमीच्या स्त्रियांना सरसकट चाळणी लावण्याविषयी होती. आपल्यासमोरची बाई वास येतो, खाजते, भिजते असे सांगते आहे. तिला आराम द्यायला अकाली प्रसूती टाळण्याचे निमित्त लागत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा आणि आडोशाचा. दर महिन्याच्या 9 तारखेला, प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी, रांग व्हरांड्याबाहेर जाते हे खरे. म्हणून प्रत्येकीला टेबलावर घ्या असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकीला विचारा, आणि 'हो' म्हणेल तिला पडद्याआड पाहा. प्रश्नही साधा असावा: पांढरं जातं का, वास येतो का, खाजतं का, कापड ओलं होतं की भिजतं? माडिया बोलणाऱ्या बाईला तो आशाताईने तिच्या बोलीत विचारावा. सासू बाजूला उभी असताना तर नकोच.

त्या प्रश्नातला 'ओलं होतं की भिजतं' हा शेवटचा तुकडा सर्वांत मोलाचा. कोरडी घडी लावून तासभर फिरायला सांगितले की घडी खूप काही सांगते: मधोमध दाट डाग राहतो, की पातळ पाणी कडेपर्यंत पसरते. स्पेक्युलम लावून खोकायला सांगावे. योनीच्या मागच्या खोबणीत पाणी साठताना दिसले तर ते गर्भजल. पीएचची पट्टी मदत करते, पण रक्त, वीर्य आणि व्हजायनोसिस तिलाही फसवतात, म्हणून एकट्या पट्टीवर निदान करू नये. पाणमोट फुटल्याची शंका असेल तर बोटांनी आतून तपासू नये. भामरागडला जुलैत पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. जिवतीच्या पहाडावरूनही रात्री गाडी मिळणे सोपे नसते. 32 आठवड्यांच्या बाईचे पाणी जाते हे सकाळी कळले, तर रस्ता चालू असतानाच तिला जिल्हा रुग्णालयाकडे काढता येते, निघण्याआधी डेक्सामेथासोनचा पहिला डोस देता येतो. दिवस भरत आलेल्या, लांबच्या पाड्यावरच्या बाईला प्रसूतीआधी राहण्यासाठी वेळेत माहेरघरात आणता येते. हे सगळे त्या एका प्रश्नापासून सुरू होते, आणि तो उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारता येतो.