बंदीचा बोर्ड नको, धबधब्यावर गावचा माणूस उभा करा

पाऊस परतीला लागला की आपल्याकडचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. "रविवारी धबधबा, कोण कोण येतंय?" देऊळघाट, धाड, बुलडाण्याची दहा-पंधरा पोरं, दोन गाड्या आणि घरून बांधून घेतलेले डबे. कुणी राजूर घाटात जातं, कुणी थेट अजिंठ्याच्या सप्तकुंडाकडं.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. उलट जाच! आपल्या पैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं. आणि याच अजिंठा डोंगरावरून उत्तरेला उडी मारणारी वाघूर तापीत जाते, म्हणजे अरबी समुद्राकडं. घाटावर आणि घाटाखाली यातला हा फरक पुस्तकात वाचून नाही, डोंगर चालून कळतो.

प्रश्न आहे तो प्रशासनाच्या सवयीचा. दुर्घटना झाली की बंदी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. लगेच जमावबंदीचे आदेश निघाले. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून ४ जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं आधीच होता. मग फलकानं काय साधलं?

बंदी असली तरी लोक जातातच. फक्त मुख्य वाट सोडून आडवाटेनं जातात, आणि तिथं हाक मारली तरी ऐकायला कुणी नसतं.

या दिवसांतला धोका तर अजूनच फसवा. सकाळी लख्ख ऊन, निळं आभाळ. दुपारनंतर ढग चढतात, विजा सुरू होतात आणि वरच्या पठारावर अर्धा तास कोसळतो. खाली कुंडात पोहणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र थेंब नसतो. नितळ पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, पाण्याचा आवाज वाढला, की बॅगा तिथंच टाकून काठावर उंच चढायचं. हे गुराख्याच्या पोराला कळतं, शहरातून आलेल्याला नाही कळत. कुठल्या दगडावर शेवाळ आहे, कुठला कुंड खोल आहे, हेही त्यालाच ठाऊक.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घाटातल्या गावांनी हे काम हातात घ्यावं. ग्रामपंचायतीनं ठराव करावा, वन विभागानं साथ द्यावी. गावातली चार-सहा पोरं नेमा. माणशी थोडं शुल्क घ्या. किती आत गेले, किती बाहेर आले याची वही ठेवा. दोर, ट्यूब, प्रथमोपचाराची पेटी ठेवा. दुपारी दोननंतर पाण्यात कुणाला उतरू देऊ नका. दारूची बाटली दिसली तर गेटवरूनच परत.

"अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पण आज ती कुणाचीच नाही, हेच तर दुखणं आहे. साताऱ्याच्या कास पठारावर स्थानिक गावांच्या समित्या वन विभागासोबत हे करतात. शुल्क आहे आणि दिवसाला ३ हजार पर्यटकांची मर्यादा आहे. फुलं राखायला हे जमतं, तर माणसं राखायला का नाही?

ट्रेक नेणाऱ्यांनाही सांगणं आहे. पैसे घेऊन ग्रुप नेत असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी करा. आणि जाणाऱ्यांनो, पैसे देण्याआधी नोंदणी आहे का ते विचारा. लाजू नका.

अजून एक. आपल्याकडं अशा सहलीला पोरं जातात, पोरी घरी राहतात. आईबापाला विचारा का पाठवत नाही, तर म्हणतात, "तिथं जबाबदार माणूस कोण?" तो माणूस उभा राहिला की पोरीही जातील, आणि गावातल्या चार घरांत सणासुदीला दोन पैसे येतील.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला दरवर्षी किती जण असतात ते आपल्याला माहीतच आहे. यंदा घाटाजवळच्या गावांतल्या तरुणांनी जा आणि हा विषय मांडा. ठराव झाला की इथं कमेंटमध्ये कळवा. पहिल्या रविवारी पावती फाडून आम्ही देऊळघाटवाले येतो.