कोठारांतील कीड पाळावी काय?

कोठारांतील कीड मुद्दाम पाळून ती दुसऱ्या किटकांस खाऊं घालावी, असें सांगितल्यास बिडकीन परिसरांतील जाणता कास्तकार प्रथम हसेल. कडुनिंबाचा पाला घालून ज्या किडीपासून आपण ज्वारी राखतों, तिलाच ज्वारी भरवावयाची! तथापि आपल्या कपाशीच्या हितासाठीं हें करणें अवश्य आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कांहीं हौशी लोक प्रार्थनाकीटक पाळतात व त्यांस झुरळें, माशा वाढवून घालतात. हौसेस आमची हरकत नाहीं. परंतु शेतांत त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. तो किडीबरोबर मधमाशीही खातो व जातभाईसही सोडीत नाहीं. ट्रायकोग्रामा या मोहरीहून लहान माशीचें तसें नाहीं. ती पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालते. त्यामुळें अळी जन्मासच येत नाहीं.

ही माशी वाढविण्यास तांदळावरील पतंगाचीं अंडीं लागतात. ज्वारीची भरड तापवून निर्जंतुक करावी व तींत पतंगाचीं अंडीं सोडावीं. सुमारें 40 दिवसांनीं पतंग निघूं लागतात. त्यांचीं अंडीं अतिनील किरणांखालीं ठेवून निर्जीव करितात, कार्डावर चिकटवितात आणि माशीपुढें ठेवितात. तीन-चार दिवसांत तीं काळीं पडलीं, म्हणजे काम साधलें. एका कार्डावर सुमारें 20,000 अंडीं असतात. एका वेळेस एकरीं तीन कार्डें पुरतात. तुकडे कापून सायंकाळीं पानांच्या खालच्या बाजूस लावावे.

येथेंच खरी अडचण आहे. आठवडाभरांत माशा बाहेर पडतात. दुरून मागविलेलें कार्ड वाटेंतच फुटलें, तर पैसा व्यर्थ जातो. म्हणून हें काम गांवांतच, सहकारानें व्हावें. एकट्यानें कार्डें लावावीं आणि शेजाऱ्यानें दुसऱ्याच दिवशीं विषारी फवारा मारावा, यांत दोघांचेंही नुकसान आहे.

दोष झांकण्याचें कारण नाहीं. बोंडांत शिरलेल्या अळीवर या माशीचा इलाज चालत नाहीं. म्हणून कामगंध सापळ्यांत पतंग दिसूं लागतांच कार्डें लावलीं पाहिजेत. पतंगाची खोली धान्याच्या गोदामापासून दूर व बारीक जाळीची असावी, वापरलेली भरड जाळून टाकावी, आणि पंखांची धूळ नाकांत जाऊं नये म्हणून काम करणारांनीं तोंडास फडकें बांधावें.

2017 सालीं शेंदरी बोंडअळीनें महाराष्ट्राची कपाशी पोखरली आणि त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. त्या किंमतीपुढें पोतेंभर ज्वारी कांहींच नव्हे. परभणीच्या कृषि विद्यापीठाचा सल्ला घेऊन संघानें एक खोली, दोन शिकलेले तरुण व थोडें धान्य यांची तरतूद पुढील पेरणीपूर्वीं करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.