विरोधक म्हणजे वैरी नव्हे

इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी मराठीत आणताना उपसंपादकाची परीक्षा पाहणारे चार शब्द आहेत : अपोनंट, ॲडव्हर्सरी, रायव्हल आणि एनिमी. घाईच्या वेळी चौघांचीही बोळवण ‘शत्रू’ या एकाच शब्दावर केली जाते. वस्तुतः अपोनंट म्हणजे समोर उभा ठाकलेला प्रतिपक्षी. सामना संपला की ते नातेही संपते. ॲडव्हर्सरीचा विरोध अधिक कडवा आणि दीर्घकाळ चालणारा. एनिमी हा शब्द लॅटिनमधील ‘मित्र नसलेला’ या अर्थाच्या शब्दावरून आला. त्यात द्वेष आणि दुसऱ्याचे अहित चिंतणे गृहीतच आहे.

रायव्हलचे मूळ मात्र आम्हा दुष्काळी बीडकरांना चटकन उमगावे : एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे दोघे. आपल्याकडेही संस्कृतातील ‘भ्रातृव्य’ शब्दाला चुलतभाऊ आणि प्रतिस्पर्धी असे दोन्ही अर्थ आहेत. सामाईक विहिरीच्या पाळीवरून पेटलेली भाऊबंदकी ज्याने पाहिली, त्याला याचे नवल वाटणार नाही. परळीने तर हा शब्द प्रत्यक्ष अनुभवला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत धनंजय मुंडे यांनी चुलतभगिनी पंकजा मुंडे यांचा पराभव केला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेच बंधू भगिनीच्या प्रचारात उतरले. ओढा एक असला की भांडणही होते आणि समेटही.

कै. गोपीनाथराव मुंडे यांनी विरोधी पक्षनेते म्हणून काँग्रेस सरकारला सळो की पळो करून सोडले. पण लातूरचे काँग्रेस नेते विलासराव देशमुख यांच्याशी असलेला त्यांचा स्नेह साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. पक्ष वेगळे असूनही दोघांपैकी कोणीही मैत्री सोडली नाही.

त्याच बीड जिल्ह्यात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, आरक्षण आंदोलनाच्या काळात, लोकप्रतिनिधींची घरे पेटविली गेली. त्या ज्वाळा केवळ शब्दांनी लावल्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु प्रत्येक मतभेदाला वैर म्हणण्याची सवय जडली, की समोरच्याचे घर हे घर वाटेनासे होते, एवढे निश्चित.

प्रतिपक्षी, प्रतिस्पर्धी, विरोधक, वैरी : मराठीनेही ही उतरंड जपली आहे. कार्यकर्त्याने बोलताना आणि पत्रकाराने लिहिताना योग्य पायरीचा शब्द निवडावा. निवडणूक पाच वर्षांनी येते; शेजार मात्र जन्माचा असतो.