बरोबरी कुणाची?



परवा एका शिकल्यासवरल्या मित्राने मला ऐकवलं, '१८१२ ची अमेरिका-इंग्लंड लढाई? अरे, ती बरोबरीत सुटली. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. जमीन जिथल्या तिथं. तिच्यावर काय डोंबल लिहिणार?' त्याने चहा संपवला. पैसे मी दिले.

बरोबरी! हा शब्द माझ्या टाळक्यात घणासारखा वाजत राहिला. मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो अन् पाठीवर गोणी आली. एकदा आमच्या दोन मुकादमांत जुंपली. चार दिवस काम बंद. पाचव्या दिवशी दोघं एका ताटात जेवले. हिशोब बरोबरीत सुटला. आमची चार दिवसांची मजुरी मात्र बुडाली ती बुडालीच. म्हणून मी विचारतो, ही बरोबरी कुणाची?

मुळापासून घ्या. इंग्रज नेपोलियनशी झुंजत होता. आरमाराला माणसं पुरत नव्हती. मग भर दर्यात अमेरिकन जहाजं अडवायची, 'हा आमचा' म्हणून खलाशी उतरवायचे अन् आपल्या तोफेला जुंपायचे. शुद्ध वेठबिगार. २२ जून १८०७ ला 'लेपर्ड' या इंग्रज जहाजाने 'चेसापीक' या अमेरिकन जहाजावर तोफा डागल्या अन् चौघांना ओढून नेलं. एक इंग्रज, त्याला फासावर लटकवला. उरले तीन अमेरिकन. त्या तिघांतले दोघं काळे.

अख्खा अमेरिका देश खवळला. आमच्या माणसाला हात लावता! पण त्याच देशात काळा माणूस बाजारात विकला जात होता, त्याच्यावर कोण खवळलं? १८ जून १८१२ ला युद्धाच्या कागदावर सही करणारा अध्यक्ष मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक. ओठात खलाशाचं स्वातंत्र्य, पोटात कॅनडाची अन् आदिवासींची जमीन.

आता खरी गोष्ट ऐका, जी शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. १८१३ मध्ये इंग्रजांची जहाजं चेसापीकच्या खाडीत शिरली. आणि रात्रीच्या अंधारात काळी माणसं होड्यांतून त्या जहाजांकडे जायला लागली. कडेवर पोरं घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. २ एप्रिल १८१४ ला अॅडमिरल कॉक्रेनने जाहीरनामा काढला, की जे येतील त्यांना सैन्यात जागा, नाहीतर इंग्रजी वसाहतीत मोकळा माणूस म्हणून घर. जाहीरनामा नंतर आला, माणसं आधी निघाली होती. हे ध्यानात ठेवा.

इंग्रजाला काळ्यांचा पुळका आला होता काय? छट्! त्याच्या स्वतःच्या वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यात तेव्हा गुलामच राबत होते, ते १८३४ पर्यंत. त्याला शत्रूचं घर फोडायचं होतं. पण दोन मालकांच्या भिंतीत पडलेली फट त्या माणसांनी बरोबर हेरली. चार हजारांच्या आसपास माणसं त्या फटीतून निसटली. काहींनी टँजियर बेटावर कवायत शिकली, लाल डगले चढवले, आणि २४ ऑगस्ट १८१४ ला वॉशिंग्टन पेटलं तेव्हा ते त्या फौजेत होते. अध्यक्षाचा तो पांढरा वाडा बांधायला गुलामच राबले होते. कालपर्यंत ज्याला घोटभर पाणी मालकाला विचारून प्यावं लागे, त्याने राजधानीत बंदूक खांद्यावर टाकून पाय ठेवला. याला बरोबरी म्हणा! पण तुम्ही म्हणणार नाही.

पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरच्या किल्ल्यावरचा तोफमारा पाहून फ्रान्सिस स्कॉट की याने गाणं लिहिलं. तोही गुलामांचा मालक. त्या गाण्याच्या एका कडव्यात भाडोत्री अन् गुलामांना मरणाची धमकी आहे. तेच गाणं १९३१ पासून त्या देशाचं राष्ट्रगीत.

२४ डिसेंबर १८१४ ला घेंट शहरात तह झाला. त्याच्या पहिल्याच कलमात गुलाम 'मालमत्ते'त मोजलेत, परत करायच्या. इंग्रजाने आपल्या जहाजावर आलेली माणसं परत दिली नाहीत, हे कबूल. कुणी नोव्हा स्कोशियाच्या थंडीत गेलं, कुणी त्रिनिदादला. पण भांडण रशियाच्या झारपर्यंत गेलं अन् १८२६ मध्ये इंग्रजाने १२,०४,९६० डॉलर कबूल केले. कुणाला? ज्यांची पाठ फुटली त्यांना नाही. ज्यांनी चाबूक मारला त्यांना!

आणि आदिवासी? टेकुमसेहने साऱ्या जमाती एक करायचं स्वप्न पाहिलं. ५ ऑक्टोबर १८१३ ला तो लढता लढता पडला. सोबतचा इंग्रज सेनापती आधीच पळाला होता. २७ मार्च १८१४ ला हॉर्सशू बेंडला जॅक्सनच्या फौजेने आठशेहून जास्त क्रीक योद्धे कापले. मग तहात दोन कोटींहून जास्त एकर जमीन लाटली, त्यात जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही! घेंटच्या नवव्या कलमात जमिनी परत द्यायचं वचन होतं. ते कुणी पाळलं नाही. त्या मातीत कापूस लावला, अन् कापसासाठी आणखी गुलाम आणले. अध्यक्ष झालेल्या त्याच जॅक्सनने १८३० मध्ये आदिवासींना हुसकायचा कायदा केला.

जमीन जिथल्या तिथं म्हणता? गोऱ्यांची.

आता आपल्या गोदीचं. १८१५ मध्ये अमेरिकन 'हॉर्नेट'च्या मागे जे 'कॉर्नवॉलिस' जहाज लागलं, ते या मुंबईत बांधलेलं. वाडिया मिस्त्रींच्या हाताखाली, मलबारी सागाचं, १८१३ चं. आणि त्या लढाईचे शेवटचे गोळे झेलले कुणी? ३० जून १८१५, सुंदा सामुद्रधुनी. कंपनीच्या बॉम्बे मरीनचं छोटं 'नॉटिलस'. तह मंजूर होऊन चार महिने उलटलेले. नॉटिलसवरून सांगितलंही, की तह झालाय. अमेरिकन कप्तान म्हणाला, निशाण उतरव. इंग्रज कप्तान म्हणाला, नाही. तोफा सुटल्या. दोन साहेबांच्या ताठ्यापायी मेलेल्यांत लस्कर होते, आपल्या दर्यातले खलाशी. दोन्ही कप्तानांची नावं पुस्तकात छापलीत. लस्करांचा नुसता आकडा.

माझे काही दोस्त म्हणतात, इंग्रज बरा होता. काही म्हणतात, अमेरिकेची लोकशाही बघ. दोघांनाही सांगतो, मालकांत डावं-उजवं करत बसू नका. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांना मोकळं करणारे. मॅडिसन-जॅक्सनला नाही.

ही लढाई महत्त्वाची आहे, कारण ती दाखवते की मालक भांडतात तेव्हा फट पडते. आणि हेही दाखवते, की मालक समेट करतात तेव्हा तहाचं पहिलं कलम तुमच्या-माझ्या गळ्याचं असतं. फटीतून जरूर निसटा. पण फट पाडणाऱ्याचे पाय धरू नका.

चाराच्या पाळीला निघायचंय. चहाचे पैसे पुढच्या वेळी त्या दोस्ताने द्यावेत. तेवढी बरोबरी तरी होऊ दे.