उंबरठ्यापासून दुबई

भाच्याचं विमान पहाटे साडेचारचं. तीन तास आधी हजर राहायचं म्हणून ताईच्या घरून, वैशाखऱ्याच्या अलीकडून, रात्री साडेनऊलाच जीप काढली. टोकावडे, सरळगाव, मुरबाड, रायत्याचा पूल, मग कल्याण आणि ठाणे. निघण्याआधी तासभर बॅगेची झटापट चालली होती. सुकट आणि तांदळाच्या पापड्या मावल्या, पण घरच्या तांदळाची पिशवी भाचा वजनाच्या भीतीनं बाहेर काढायचा आणि ताई पुन्हा आत सरकवायची. शेवटी दोन किलोंवर मिटलं.

जीपवाल्याला सकाळचं दुसरं भाडं होतं, आम्हाला विमानतळावर सोडून तो लगेच फिरला. विमान सुटल्याचं कळेपर्यंत ताई बाहेरच्या कठड्याला धरून उभी होती. मग रिक्षानं कुर्ला, तिथून लोकल. कल्याणच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला. भाचा दुबईत उतरला होता. माझ्या घड्याळात पावणेआठ, त्याच्याकडे सव्वासहा.

“पोचला पण तो? आपण अजून हितंच,” ताई म्हणाली.

मुंबई ते दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, विमानाला तासतीनेक लागतात. ताईच्या दारापासून विमानतळ गाठायला आम्हाला साडेतीन तास लागले होते. दुबई तीन तासांवर आली असं सगळे म्हणतात, पण ते अंतर मुंबईकराचं. मुरबाडच्या माणसानं ते उंबरठ्यापासून मोजावं. आईचं दुखणं वाढल्याचा निरोप मिळाला की पोराला मुंबईला नव्हे, घरी पोचायचं असतं.

मी शहापूरचा. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ साली गेली, त्यामुळे आसनगाव स्टेशनाचा आधार आमच्या कैक पिढ्यांना मिळाला. शेजारच्या मुरबाडला आजही रेल्वे नाही.

आणि कल्याण-मुरबाडची हीच वाट एके काळी परदेशाची होती, हे आठवलं की जास्त वाईट वाटतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे मोठं बंदर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. बंदराचा माल मुरबाडच्या मुलखातून नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात. आकाश निरभ्र असलं की ताईच्या अंगणातून नाणेघाटाचा डोंगर दिसतो. भाचा लहानपणी त्याच अंगणात बसून तो कधी चढायचा म्हणून माझ्यामागे लागायचा. दहावीच्या सुट्टीत आम्ही दोघं चढलो. रांजणात वाकून त्यानं हाक मारली होती, ती अजून कानात आहे.

कल्याण-मुरबाड रेल्वेमार्ग मंजूर झाला आहे. रूळ आले तरी मुरबाडहून वैशाखऱ्याला पुढची गाडी बघावी लागणारच. पण कल्याणच्या स्टँडवरचं ते ताटकळणं तरी वाचेल. मुरबाडकरांनो, पक्ष बाजूला ठेवा, प्रत्येक ग्रामसभेत या रेल्वेचा ठराव करा आणि पहिली गाडी सुटेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आम्ही शहापूरकर तुमच्याबरोबर आहोत.