राक्षसाने काय खावे?

मराठी बालकथांतल्या राक्षसांची हल्ली फार उपासमार चालली आहे. हे वाचून कुणी हसेल, हसो बापडा. फराळाचे ताट पुढ्यात असताना दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करणे हा काही अपराध नव्हे, आणि राक्षस झाला तरी त्याला पोट आहेच. किंबहुना पोटाखेरीज त्याच्यापाशी सांगण्यासारखे दुसरे असते तरी काय?

माझी तक्रार साधी आहे. मुलांसाठी लिहिणारे आमचे लेखक एखादा अद्भुत प्राणी निर्माण करतात. त्याला तीन डोळे देतात, निळी शेपटी देतात, ढगावर घर बांधून देतात. मग केव्हातरी त्या प्राण्याला भूक लागते. आता त्याला खायला काय घालायचे? भाकरी देववत नाही, वांग्याची भाजी बरी दिसत नाही. तेव्हा एक नवे फळ काढावे लागते, आणि नेमकी इथेच लेखकाची प्रतिभा धापा टाकू लागते. फळ सप्तरंगी असते. ते चमकते. त्याची चव चॉकलेटसारखी असते आणि ते खाल्ले की उडता येते. संपले! ते कोणत्या झाडाला लागते, कोणत्या महिन्यात पिकते, सोलून खायचे की चोखून, कच्चे खाल्ले तर घसा धरतो की काय, त्याचा डाग सदऱ्यावरून जातो की आईचा मार खावा लागतो, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी नसते. फार कशाला, त्या फळाला बीसुद्धा नसते. (द्राक्षबागायतदारांनी क्षमा करावी, त्यांची गोष्ट वेगळी आहे.)

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. "अहो, ती कल्पना आहे! कल्पनेला कसले आले झाड आणि कसला आला महिना?" असे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण कल्पनेची मोठी बाजू घेतली असा भाव असतो. मला तर तो कल्पनेचा अपमान वाटतो. आमच्या पूर्वजांनीही फळे कल्पिली, पण अशी नव्हेत. पुराणांतला जंबूवृक्ष घ्या. ज्याच्यावरून आपल्या द्वीपाला जंबुद्वीप हे नाव पडले, त्या झाडाची फळे हत्तीएवढी. इथवर कुणीही पोचेल; मोठे करायला काय लागते? पण विष्णुपुराण तेवढ्यावर थांबत नाही. ती फळे पिकतात, डोंगरावर पडतात, पडून फुटतात. त्यांच्या रसाची नदी होऊन वाहते. काठची माती त्या रसाने भिजते, वाऱ्याने सुकते आणि तिचे सोने होते, तेच जांबूनद. त्या नदीचे पाणी पिणाऱ्याला घाम येत नाही, अंगाला दुर्गंधी येत नाही, म्हातारपण येत नाही. हे ज्याने रचले तो ज्येष्ठ-आषाढात जांभळीखालून अनवाणी चाललेला असला पाहिजे. पायांखाली होणारा तो जांभळा चिखल त्याने आधी पाहिला आणि मग हत्ती आणला. आमचे लेखक हत्तीपासून सुरुवात करतात आणि हत्तीपाशीच थांबतात.

पंचतंत्रातले माकड आणि मगर तर घरोघर ठाऊक आहेत. माकड रोज मगराला जांभळे देते, मगर ती घरी नेतो, आणि मगराची बायको हिशेब मांडते की जो जन्मभर इतकी गोड फळे खातो त्याचे काळीज किती गोड झाले असेल! पाहा, फळाच्या चवीतून साऱ्या गोष्टीची फिरकी निघाली. फळ काढून घ्या, गोष्ट उरतच नाही. जातककथेत मगरी काळीज मागते तेव्हा माकड उंबराच्या झाडाकडे बोट दाखवून सांगते की आमची काळजे तिथे लोंबत आहेत. खोडाला झुबक्याझुबक्यांनी लगडलेली लालसर उंबरे ज्याने पाहिली आहेत त्याला मगराने हे खरे कसे मानले याचे नवल वाटणार नाही. मलाही ते क्षणभर खरे वाटते. थाप मारावी तर अशी; ती झाडावर दाखवता आली पाहिजे.

पण एवढ्या लांब जायचे कारण नाही. मी कोल्हापुरात राहतो, आणि या गावाएवढा राक्षसाच्या आहाराचा विचार दुसऱ्या कुठल्या गावाने केला असेल असे मला वाटत नाही. या गावाला नावच राक्षसाचे. कोल्हासुराला अंबाबाईने मारले. मरताना त्याने मागणे मागितले की या नगरीला माझे नाव राहावे आणि दरवर्षी मला कोहळ्याचा बळी मिळावा. कथा एकच नाही. त्र्यंबोलीच्या कथेत कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष येतो; तो योगदंडाच्या बळावर देवांची शेळ्यामेंढ्यांसारखी जनावरे करून टाकतो, त्यांना त्र्यंबोली सोडवते, आणि पुढे विजयाच्या सोहळ्यात तिलाच बोलवायचे राहून जाते. मग ती टेकडीवर पाठ फिरवून बसते आणि अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला जाते. आजही आश्विन शुद्ध पंचमीला, ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून त्रिशुळाने कोहळा फोडला जातो, आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी अशी झोंबाझोंबी होते की पैलवानांच्या गावाला ती शोभून दिसते.

आता विचार करा, कोहळाच का? आंबा का नाही, नारळ का नाही? आमच्या लेखकांनी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. पिकलेल्या कोहळ्याच्या सालीवर पांढरी भुकटी असते, जणू राख फासून बसलेला गोसावी. आकार माणसाच्या डोक्याएवढा, पुष्कळदा त्याहूनही मोठा. उचलायला जावे तर दोन्ही हात लागतात. महिनोन् महिने घरात पडून राहिला तरी नासत नाही. राक्षसाचे वैर तरी कुठे लवकर संपते? फोडला की आवाज होतो, आतून पांढराशुभ्र गर आणि चपट्या बिया निघतात. आणि चव? चव अशी जवळजवळ नाहीच. आग्र्याच्या हलवायाने साखरेत शिजवला की पेठा, आमच्या आजीने वाटला की सांडगे, वैद्याच्या हाती पडला की पाक. तो दाराला टांगून माणसे दृष्ट काढतात, आणि तोच कापून माणसे जेवतात. राक्षसासाठी याहून योग्य फळ मला तरी सुचत नाही. शिवाय पशूच्या जागी कोहळा चालतो ही सोय जुन्या शास्त्रकारांनीच करून ठेवली आहे. कुणाच्या तरी मानेवरचे संकट या मुक्या फळाने स्वतःच्या डोक्यावर घेतले, हे मुलांना सांगा. त्यांचे डोळे सप्तरंगी फळाने मोठे होत नाहीत तेवढे होतील. आवळ्याएवढीही मेहनत न घालता कोहळा काढू पाहणाऱ्यांना मात्र हे कळायचे नाही.

ललितापंचमीपासून चोवीस तिथी मोजा, नरकचतुर्दशी येते. त्या पहाटे दुसरा राक्षस आणि दुसरे फळ. नरकासुराला कारीट, कुठे त्याला चिराटे म्हणतात. लिंबाएवढे, वेलीवर रानोमाळ येणारे, तोंड वाकडे करणारे कडू. उटण्याचा वास अंगाला, थंडीने दात वाजताहेत, आणि पायाच्या अंगठ्याखाली ते फटकन फुटते. काही घरांत त्याचा कडू रस जिभेलाही लावतात. कोल्हासुराला बेचव फळ, नरकासुराला कडू! ही निवड कुणी सभा भरवून केली नाही, पण ज्याने केली त्याला राक्षस ओळखता येत होते. गोड फळ कुणीच दिले नाही, हेही लक्षात घ्यावे.

परदेशातले सारेच चांगले असे मी म्हणणाऱ्यांपैकी नाही, पण एक उदाहरण द्यावेच लागते. रोआल्ड डाल या इंग्रज लेखकाने 1982 मध्ये एका भल्या राक्षसाची गोष्ट लिहिली. त्याच्या जातीचे बाकी सारे राक्षस रात्री जाऊन माणसे खातात. हा एकटा खात नाही. मग त्याच्या ओसाड मुलखात उगवणारी एकच वस्तू त्याला खावी लागते, स्नॉझकंबर नावाची. काकडीसारखी, पण माणसाहून लांब, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, वर खडबडीत गाठी, आणि चव ओकारी आणणारी. राक्षसालाही ती आवडत नाही! ही वस्तू लेखकाने गंमत म्हणून केलेली नाही. चांगले राहायचे ठरवले तर जेवणाचे हाल होतात, एवढे मोठे सत्य त्याने एका घाणेरड्या काकडीत घालून मुलांना दिले, आणि मुले हसत हसत ते घेऊन गेली. आमचा बकासुर गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस खातो. त्याला कुणी असे एखादे फळ शोधून दिले असते तर भीमाचा त्रास वाचला असता. पण त्या काळी बालकथा-स्पर्धा नव्हत्या.

स्पर्धेवरून आठवले. दोन-तीन वर्षांमागे आमच्या शहरातल्या अशाच एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. सहावीतल्या एका मुलीने रंकाळ्याच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्याची गोष्ट लिहिली होती. त्या प्राण्याला दात नव्हते. म्हणून तो 'डुबूक' नावाचे फळ खाई. ते काठच्या झाडावरून आपोआप पाण्यात पडे तेव्हा तसा आवाज होई. ते फार पिकल्याखेरीज पडत नसे, म्हणून दात नसले तरी चाले. मात्र त्याची बी गिळली की पोटात दुखे. तेव्हा तो रात्री वर येऊन सगळ्या बिया काठावर थुंकून जाई, आणि म्हणून, मुलीने लिहिले होते, रंकाळ्याच्या काठी कुणी न लावताही झाडे उगवतात. मी हे तीनदा वाचले. दात, पिकणे, बी, पोटदुखी, झाड: एकातून एक निघालेले. बी पसरण्याचा जो धडा पाठ्यपुस्तकात चार ओळींत वाळून पडलेला असतो, तो या पोरीने एका बोळक्या प्राण्याच्या तोंडून थुंकून दाखवला होता!

माझे सहपरीक्षक विद्वान गृहस्थ होते. त्यांनी समासात लिहिले, "असे फळ अस्तित्वात नाही. शब्द कोशात नाही." आणि गुण कापले. पहिले बक्षीस ज्या गोष्टीला गेले तीत 'झिंगोबेरी' नावाचे सप्तरंगी फळ होते. ते खाऊन प्राण्याला पंख फुटत होते. हे फळ अस्तित्वात आहे काय, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, "तसे नव्हे, पण ते कल्पनारम्य वाटते." म्हणजे जे शंभरदा पाहिले ते कल्पनारम्य, आणि जे कधीच कुणी पाहिले नव्हते ते चूक. मी भांडलो. तिघांत माझे एकट्याचे मत दुसरीकडे होते; डुबूक हरले.

आणि ही 'बेरी' आमच्याकडे आली कुठून? राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड हे तालुके याच जिल्ह्यात आहेत. चैत्र-वैशाखात तिथे करवंदांच्या जाळ्या काळ्या होतात. करवंद दाताने अर्धे तोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ ज्यांनी खेळला आहे ते अजून म्हातारे झालेले नाहीत. एकाच फळातून कोंबडा किंवा कोंबडी निघते! एवढी कल्पना रानातली पोरे फुकट करतात. त्या करवंदाला चीक आहे, काटा आहे, हंगाम आहे, ते पानांच्या द्रोणात विकणारी बाई आहे. आणि आमचा राक्षस खातो झिंगोबेरी! आता तर फोनला एक ओळ सांगितली की तसले फळ चित्रासकट हजर होते. तेही सप्तरंगी, तेही चमकणारे. यंत्राला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्याने आमच्याच गोष्टी वाचल्या आहेत.

कुणी म्हणतील, विसाव्या शतकात चालले असेल, पण आता मुलांना राक्षस सांगायचेच कशाला? विज्ञान सांगा. सांगा ना! डुबूक हे विज्ञानच होते. राक्षस काढून टाकला म्हणून मूल शास्त्रज्ञ होत नाही. पण बोळक्या प्राण्याचे जेवण कसे होत असेल हा प्रश्न ज्याला पडला, ते मूल पुढे पुष्कळ काही होऊ शकते. विंदा करंदीकरांनी 1963 मध्ये मुलांना 'एटू लोकांचा देश' दिला, तेव्हा एटू हा शब्द तरी कोणत्या कोशात होता?

यंदा त्याच स्पर्धेची पत्रिका पुन्हा घरी आली आहे. परीक्षकांत माझे नाव नाही, ते अपेक्षितच होते. विषय आहे 'माझा काल्पनिक मित्र'. खाली नियम दिले आहेत: शब्दमर्यादा तीनशे, अक्षर सुवाच्य, आणि यंदापासून एक नवा, "शक्यतो प्रचलित शब्द वापरावेत." माझ्या शेजारच्या बिऱ्हाडातला सात वर्षांचा मुलगा भाग घेणार आहे. त्याच्या मित्राला तीन पोटे आहेत, आणि तिसऱ्या पोटासाठी अजून काही मिळालेले नाही. कारीट फुटल्यावर आत काय निघते ते नीट पाहून मग ठरवीन, असे तो म्हणाला आहे.