कोरडा अटलांटिक आणि मोखाड्याच्या विहिरी

सूर्य भडकला, महासागर आटले आणि अटलांटिकच्या उघड्या पडलेल्या तळावरून एक माणूस निघाला. चेहऱ्यावर क्रुसाची डागणी, हातात बंदूक, ओठांवर बायबलची वचने. गार्थ एनिस यांनी लिहिलेली आणि कार्लोस एझकेरा यांनी चितारलेली ‘जस्ट अ पिलग्रिम’ ही चित्रकथामालिका २००१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक एकेकाळचा नरमांसभक्षक. आता तो देवाच्या नावाने रक्त सांडतो.

असल्या चित्रकथा विनाशाच्या डोळ्याला डोळा भिडवतात, असे त्यांचे चाहते मोठ्या अभिमानाने सांगतात. हा दावा जव्हार-मोखाड्यात आणून तपासावा. आटलेले पाणी आणि शस्त्र परजणारी दैवते, दोन्ही येथे दर उन्हाळ्यात भेटतात.

प्रथम पाणी. मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तरीही होळी सरली की पाड्यांच्या विहिरी तळ दाखवू लागतात आणि टँकरची वाट पाहणे सुरू होते. याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणा नदी अडवून मध्य वैतरणा धरण उभे राहिले. मुंबईला रोज सुमारे ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याच्या हिशेबाने ते बांधले गेले. येथे समुद्र आटवायला सूर्याला भडकावे लागले नाही. जलवाहिनी पुरली.

आणि मृत्यू? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राने प्रथम ऐकले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. तो आकडा शंभराच्या पुढचा होता. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, योजना जाहीर झाल्या, आणि ‘वावर-वांगणी’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गावाचे नाव न राहता एका लाजिरवाण्या प्रकरणाचे नाव होऊन बसला. त्या पाड्यांनी जग बुडालेले पाहिले, आणि त्याच वेळी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे महानगर नेहमीसारखे चालू होते.

या चित्रकथांची खरी लबाडी येथे उघडी पडते. त्यांच्यातला प्रलय आकाशातून येतो. त्याला कर्ता नसतो, म्हणून जाबही कोणाला विचारता येत नाही. उरतो फक्त श्रद्धेने पेटलेला एकटा बंदूकधारी आणि त्याने पाडलेली प्रेते. एनिस यांना श्रद्धेचे गोडवे गायचे नाहीत, ते तिची टवाळीच करतात, हे खरे. पण टवाळीलाही तोच मोकळा, निर्मनुष्य रंगमंच लागतो, जेथे त्या माणसाला अडवायला गाव नाही.

बोहाड्यात गाव असते. चैत्र-वैशाखाच्या रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या नादावर एकेक सोंग निघते : गणपती, सरस्वती, नरसिंह, खंडोबा, रावण. हिंसा येथेही भरपूर आहे. जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध पाहायला माणसे पहाटेपर्यंत जागतात. परंतु कोणते सोंग कोणी नाचवायचे ते ठरलेले असते. पुष्कळ गावांत तो मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे चालत येतो, आणि राक्षसाच्या मुखवट्यालाही देवाइतकीच पूजा मिळते. मुखवट्याआड कोण आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असते. अंगात संचारलेले तेज उजाडताच उतरवून ठेवावे लागते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला त्याच विहिरीवर, त्याच शेजाऱ्यांत उभे राहायचे असते. पिलग्रिमच्या चेहऱ्यावरची डागणी मात्र उतरत नाही, आणि ती उतरव म्हणणारे कोणी शिल्लकही नाही.

शहरातील दिवाणखान्यांत हेच मुखवटे ‘आदिवासी कला’ म्हणून भिंतीवर टांगले जातात. घर वेगळे, मान वेगळा, उरला केवळ रंगवलेला लगदा.

भारतीय प्रकाशकांनीही हाच साचा उचलला. २००६ साली व्हर्जिन कॉमिक्सने ‘रामायण ३३९२ एडी’ काढले आणि रामाला महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या भविष्यात नेऊन उभे केले. चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. पण उजाड जग रेखाटण्यासाठी चौतिसाव्या शतकापर्यंत जाण्याचे कष्ट कशाला? मराठी चित्रकाराने वैशाखातला मोखाडा काढावा : पहिल्या चौकटीत रिकामे हंडे, दुसरीत धरणाची भिंत, तिसरीत मुंबईकडे जाणारी जलवाहिनी. चौथ्या चौकटीत महिषासुर आणावा, आणि या वेळी त्याचे सोंग कोणाच्या घराण्याचे आहे तेही नावानिशी लिहावे.